धागा: सगळ्यांना खेळता येईल असं मैदान: आधी वाट, मग जमीन, खेळणी शेवटी

समपातळी

मैदान 'सर्वसमावेशक' करायचं ठरलं की पहिली बैठक कॅटलॉगवरच होते. कुठला झोका, कुठली घसरगुंडी, पिवळा की निळा. सगळं ठरल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की फाटकापासून झोक्यापर्यंत वाळू आहे. म्हणून धाग्याच्या नावातच क्रम लिहिला आहे. खेळणं नंतर बदलता येतं. चुकीच्या पातळीवर ओतलेली जमीन मात्र फोडूनच काढावी लागते.

सुरुवात वाटेपासून करू. एकट्या व्हीलचेअरला १२०० मि.मी. रुंदी पुरते, पण समोरून दुसरी आली की एकीला मागे जावं लागतं, त्यामुळे मुख्य वाट १८०० ची धरा. जागच्या जागी वळायला १५०० मि.मी. व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. ते वाटेच्या शेवटी एकदा काढून भागत नाही, प्रत्येक खेळण्याच्या तोंडाशी हवं. अमेरिकेच्या २०१० च्या एडीए (अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याच्या) मानकांत खेळाच्या भागातली जमिनीवरची वाट १:१६ पेक्षा तीव्र नको आणि आडवा उतार १:४८ पेक्षा जास्त नको असं आहे. कायदा कुठलाही लागू असो, हे आकडे वापरायला चांगले आहेत. आडव्या उताराकडे कुणी बघत नाही. वाट एका अंगाला कलली की खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते आणि ज्याचा एकच हात जोर लावतो ते मूल सरळ जाऊच शकत नाही.

आता रॅम्प. उंच मचाणाला रॅम्प जोडला की काम झालं असं समजतात. हिशोब करून बघा. उतार १:१२, एका टप्प्यात चढ जास्तीत जास्त ३०५ मि.मी., मग १५०० ची सपाट जागा. १.२ मीटर उंचीसाठी चार टप्पे आणि मधल्या तीन सपाट जागा मिळून जवळपास १९ मीटर रॅम्प होतो. एवढं चढून मूल वर पोचतं, घसरगुंडीवरून खाली येतं, आणि त्याची खुर्ची राहते वर! कुणीतरी ती १९ मीटर उतरवून आणेपर्यंत ते घसरगुंडीच्या पायथ्याशी जमिनीवर बसून राहतं आणि मागून येणारी मुलं त्याच्यावर आदळतात.

त्यापेक्षा मातीचं टेकाड करा. कडेने १:२० उताराची वाट फिरवत वर न्या आणि घसरगुंडी टेकाडाच्या अंगातच बसवा. दोन्ही बाजूंना जमीनच असल्यामुळे उंचावरून पडण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पायथ्याशी, घसरत येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला, साधारण झोक्याच्या पाटाच्या उंचीचा एक ओटा ठेवा, म्हणजे खुर्ची येईपर्यंत मूल वाटेतून बाजूला होऊन बसेल.

कृपया मोजमापं आणि काय बिघडतं तेच लिहा. 'स्तुत्य उपक्रम' वगैरे इथे नको.

रबरीवाट

टेकाड पटलं. त्या वाटेच्या कडेला ५० मि.मी. उंचीची काठ-पट्टी विसरू नका, नाहीतर पुढचं छोटं चाक कडेवरून उतरतं.

जमिनीचं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे वाया जातो.

जमिनीला दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात: पडणाऱ्याला झेलायचं आणि चाक अडू द्यायचं नाही. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. मऊ वाळू झेलते, पण चाक रुततं. काँक्रीटवर चाक पळतं, पण डोकं फुटतं. झेलण्याची चाचणी एचआयसी (डोक्याला किती मार बसेल त्याचं माप) १००० या मर्यादेवर होते. त्याची मानकं युरोपात ईएन ११७७, अमेरिकेत एएसटीएम एफ१२९२, आणि दोन्हींत जोडीला २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट धक्का) ही मर्यादाही आहे. चाक चालण्याची चाचणी वेगळी, एएसटीएम एफ१९५१. पुरवठादार पहिलं प्रमाणपत्र दाखवतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतो. दोन्ही मागा, आणि पहिलं तुमच्या खेळण्याच्या *पडण्याच्या उंचीचं* आहे का ते वाचा.

ओतीव रबर घेतलं तर खालून वर असे थर येतात: दाबलेली खडी १०० ते १५० मि.मी., त्यावर टायरच्या काळ्या रबराचा गादीसारखा थर (जाडी पडण्याच्या उंचीप्रमाणे बदलते), आणि वर रंगीत ईपीडीएमचा (एका कृत्रिम रबराच्या दाण्यांचा) १० ते १५ मि.मी. थर. बिघडतं ते असं:

पॉलियुरेथेनचा चिकटवा हवेतल्या दमटपणावर पक्का होतो. खडी ओली असली किंवा मध्येच पाऊस आला तर तो फसफसतो, थराला फुगे येतात आणि काही महिन्यांत वरचे दाणे सुटायला लागतात. पाऊस येणार असेल तर काम थांबवा, ताडपत्रीवर विसंबू नका.

रबर कालांतराने आकसतं. काँक्रीटच्या काठाला नुसतं टेकवलं असेल तर कडेला फट पडते, आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक नेमकं त्या फटीत आडवं होऊन बसतं. फट १३ मि.मी. च्या आत हवी. पातळीतला सरळ फरक ६ मि.मी. पर्यंत चालतो, ६ ते १३ असेल तर कड तासून १:२ चा उतार द्यावा लागतो, त्यापुढे रॅम्पच. उपाय सोपा आहे. काठाजवळ खडीत चर काढून रबर त्यात खाली वळवा, म्हणजे ते तिथे धरून राहतं.

रबराच्या सुट्या फरशा स्वस्त वाटतात. त्यांचे कोपरे उचलतात. एवढं पुरे.

लाकडाच्या तंतूंचा प्रक्रिया केलेला चुरा ३०० मि.मी. थराने टाकला तर झेलतो छान आणि नीट दाबलेला असताना चाकही चालतं. पण झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पायांनी उडून खड्डा पडतो, म्हणजे जिथे झेलायला हवा तिथेच नसतो. रोज दाताळ्याने ओढणारा माणूस नसेल तर त्या दोन ठिकाणी तरी रबर घाला.

पायरव

रबराच्या तापण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. गडद रंगाचं रबर आणि पत्र्याची घसरगुंडी उन्हात चटका बसेल इतकी तापते. स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्या मुलाच्या पायांना संवेदना कमी असते, त्याला चटका *कळत नाही*. इतर मुलं पाय उचलून पळतात, हे तिथेच बसून राहतं. फिके रंग निवडा आणि घसरगुंडीचं तोंड दुपारच्या उन्हाकडे करू नका. सावलीचं कापड दुपारी नेमकं कुठे सावली पाडतं ते खांब रोवण्याआधी बघा. खांबाच्या पायथ्याशी सावली असते असं गृहीत धरणारे नकाशे फार बघायला मिळतात.

रंगावरून आणखी एक. जमिनीवर मासे, डबकी, ग्रह अशी नक्षी काढायची हौस असते. कमी दिसणाऱ्या मुलाला फिक्या जमिनीतला गडद गोल खड्ड्यासारखा दिसतो. काही स्वमग्न मुलंही तिथे थबकतात आणि पुढे येत नाहीत. वाट एकरंगी ठेवा. रंग बदलायचाच तर झोक्याच्या धोक्याच्या हद्दीसाठी बदला, आणि तिथे पायाखालचा पोतही बदला, म्हणजे न दिसणाऱ्यालाही कळेल की इथून पुढे झोका येतो.

झोकेबहाद्दर

झोक्यांवर मीच लिहितो, नावाला जागायला हवं.

एकच झोका घ्यायचा असेल तर जाळीचा गोल झोका घ्या, १००० ते १२०० मि.मी. व्यासाचा. त्यात झोपता येतं, तिघांना बसता येतं, आणि ज्याला मान-पाठ सावरता येत नाही त्याला मोठ्या माणसाच्या कुशीत घेऊन झुलता येतं. मुख्य म्हणजे तो 'त्यांचा' झोका वाटत नाही, सगळेच त्यावर तुटून पडतात. खालची मोकळी जागा ४०० मि.मी. ठेवा (साध्या पाटाला ३५०). त्याला स्वतंत्र चौकट लागते, साध्या झोक्यांच्या रांगेत अडकवायचा नाही.

दुसरा, उंच पाठीचा आणि कमरेला धरणारा पाट. याची चूक नेहमीची: तो कोपऱ्यात एकटा टांगतात. एका चौकटीत दोनच झोके असतात, तर एक हा आणि शेजारी साधा पाट ठेवा. भावंडं शेजारी शेजारी झुलली पाहिजेत. कापडी पट्ट्यांपेक्षा वरून खाली येणारा कडक दांडा बरा. पट्टा लोंबतो, मानेभोवती अडकण्याचा धोका असतो, आणि कुलपात वाळू गेली की ते लागत नाही.

तिसरा, व्हीलचेअरसकट चढायचा फलाटाचा झोका. माझं स्पष्ट मत: बिनराखणीच्या मैदानात नको. विजेवरची खुर्ची एकटीच १०० किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यात फलाट आणि मूल धरा. एवढं वजन झुलताना मध्ये धावत आलेलं लहान मूल वाचत नाही. म्हणून त्याला कुंपण येतं, कुंपणाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे तरी. शेवटी ते मूल किल्लीची वाट बघत पिंजऱ्यात एकटं झुलतं आणि बाकीचे बाहेरून बघतात.

फिरकी

@झोकेबहाद्दर, अर्धं पटलं. पण तुमच्या पहिल्या दोन्ही झोक्यांना मुलाला खुर्चीतून उचलावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला आई उचलते. पंधरा वर्षांच्या, पन्नास किलोच्या मुलाला कोण उचलणार? घरी हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) वापरणाऱ्यासाठी फलाटाचा झोका हा एकमेव झोका आहे. 'पिंजरा' म्हणून तो काढून टाकला तर मोठी मुलं आणि प्रौढ सरळ यादीतून गेले.

झोकेबहाद्दर

मान्य. मग वाक्य असं करतो: जिथे दिवसभर माणूस असतो तिथे ठेवा, जिथे नसतो तिथे त्याऐवजी जमिनीच्या पातळीची चक्री आणि व्हीलचेअर चढेल असा सी-सॉ. या दोन्हींना खुर्ची सोडावी लागत नाही आणि कुलूपही लागत नाही.

ज्यांना स्वतः सरकून उतरता येतं त्यांच्यासाठी बदलीचा ओटा: उंची २८० ते ४५५ मि.मी., रुंदी ६१०, खोली ३५५. तिथून वर जायच्या पायऱ्या प्रत्येकी २०० पेक्षा उंच नकोत आणि हाताला धरायला काहीतरी हवं. ओट्याशेजारी रिकामी खुर्ची ठेवायलाही जागा सोडा, नाहीतर ती वाटेत उभी राहते आणि पुढच्याचा रस्ता अडतो.

फिरकी

चक्रीचं मी लिहिते.

तबकडी आणि आजूबाजूची जमीन एका पातळीत असते, त्यामुळे खाली खड्डा असतो. खड्ड्याला निचऱ्याचा पाइप नसेल तर पहिल्या पावसात पाणी भरतं, बेअरिंग गंजतं, डास होतात. पाइप नंतर घालता येत नाही. पाया ओतण्याआधी उताराने बाहेर काढा आणि तोंडाला जाळी लावा.

कडेची फट ही दुसरी डोकेदुखी. ८ ते २५ मि.मी. मध्ये बोट अडकतं, म्हणून ती ८ च्या आत ठेवतात. पण वर रबरीवाट यांनी लिहिलंच आहे की रबर आकसतं. बसवताना ६ असलेली फट हळूहळू १० होते. चक्रीभोवती रबर थेट आणू नका. आधी पोलादी कडं पक्कं बसवा आणि रबर कड्याच्या बाहेर संपवा, म्हणजे आकसलं तरी फिरणाऱ्या कडेची फट तेवढीच राहील.

खुर्ची आत कशी उभी करायची? मध्याच्या जितकी जवळ तितकं बरं, कारण कडेला बाहेर फेकणारा जोर जास्त असतो. तोंड आत, पाठ बाहेर, पाठीमागे टेकायला कठडा. खुर्चीचा ब्रेक लावलेला असला तरी हाताला दांडा हवा. आणि चक्रीला स्वतःचा वेग रोखणारा ब्रेक असलेलीच घ्या, कारण बाहेरची मुलं जोर लावणारच. 'थांबवा' म्हणता न येणारं मूल आत असतं हे त्यांच्या ध्यानात नसतं.

कानोसा

'थांबवा' म्हणता न येण्यावरून: चित्रांचा संवादफलक. हल्ली तो फाटकाशी एक लावतात आणि फोटो काढतात. बोलायची गरज फाटकाशी पडत नाही, झोक्याशी आणि चक्रीशी पडते. तिथे लहान लहान फलक लावा, जमिनीपासून ६०० ते १२०० मि.मी. मध्ये, म्हणजे खुर्चीतून आणि उभ्यानेही बोट पोचेल. शब्द वस्तूंचे कमी आणि कामाचे जास्त हवेत: पुन्हा, थांब, हळू, जोरात, माझी पाळी, तुझी पाळी, मदत, नको, दुखतंय, शू. 'झाड', 'फूल', 'फुलपाखरू' यांनी जागा भरू नका. चित्रं मुलं शाळेत वापरतात त्याच संचातली घ्या. घरगुती लॅमिनेशन उन्हात पांढरं पडतं.

वाजवायची खेळणी (नळ्या, ढोल, घंटा) शांत कोपऱ्यापासून जितकी दूर नेता येतील तितकी न्या. धातूच्या नळ्यांपेक्षा लाकडी पट्ट्यांचा आवाज कानाला कमी टोचतो.

कॉक्लियर इम्प्लांटसाठी (ऐकू येण्यासाठी कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) एक इशारा. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर घासून स्थिर वीज तयार होते आणि तिच्या ठिणगीने बाहेरच्या यंत्रातली जुळणी बिघडू शकते. नवी यंत्रं जास्त सोसतात, तरी घसरण्याआधी यंत्र काढून ठेवायचा सल्ला दिला जातो. स्टेनलेस स्टीलची किंवा रुळांची घसरगुंडी असेल तर हा त्रास टळतो.

फाटकवाला

शांत कोपरा म्हणजे शिक्षेची खोली नव्हे. चार भिंती आणि एक दार असं केलं की मूल आत कोंडल्यासारखं होतं, आणि दुसरं कुणी आत आलं की पळायला वाट नसते. भिंत छातीइतकी, तोंडं दोन, आतून मैदान दिसलं पाहिजे. बरीच मुलं आधी वीस मिनिटं नुसतं बघतात आणि मग खेळायला जातात. तेही खेळणंच.

कुंपण: आडव्या पट्ट्या नकोत, त्यावर चढतात. उभ्या गजांतली फट ८९ मि.मी. पेक्षा कमी ठेवा. ८९ ते २३० मध्ये धड जातं आणि डोकं अडकतं.

खरी पंचाईत फाटकाची. पळून जाणाऱ्या मुलासाठी कडी उंच हवी. पण पालक स्वतः व्हीलचेअरवर असेल तर तीच कडी १२०० मि.मी. च्या आत हवी. दोन्ही एका फाटकात बसत नाही. म्हणून दोन फाटकं, मध्ये छोटी मोकळी जागा, आणि दोन्ही कड्या हाताला येतील अशाच. पहिलं उघडून पळालेलं मूल दुसऱ्याशी अडतं, तेवढे काही सेकंद मोठ्या माणसाला पुरतात. मधली जागा मोजताना फाटक आत उघडतं की बाहेर ते धरा. १५०० चं वर्तुळ फाटकाचं पान फिरून झाल्यावर उरलं पाहिजे. फाटक आपोआप बंद होणारं, पण सावकाश. झपकन बंद होणारं फाटक खुर्चीच्या मागच्या चाकावर आपटतं. आणि बाहेरचं फाटक रस्त्याच्या समोर नको, बाजूला वळवा.

पायरव

'मुलं' लिहिताना मोठ्यांना विसरू नये. आजोबा वॉकर घेऊन येतात, आई खुर्चीवर असते. बाकाला पाठ आणि दोन्ही हात हवेत, उंची ४५० ते ४८० मि.मी., शेजारी ९०० मि.मी. मोकळी फरशी, म्हणजे खुर्चीवरचा माणूस बाकावरच्याच्या *शेजारी* बसेल, समोर वाटेत नाही. बाकं कुंपणाच्या आत.

स्वच्छतागृह: बाळाचं कपडे बदलायचं फळकूट दहा वर्षांच्या मुलाला पुरत नाही, मग त्याला फरशीवर झोपवतात. मोठ्यांच्या मापाचा, उंची बदलणारा बाक आणि छतावरचा हॉइस्ट लागतो. ब्रिटनमधल्या 'चेंजिंग प्लेसेस' खोल्यांचं किमान माप ३ × ४ मीटर आहे, त्यावरून जागेचा अंदाज घ्या. ही सोय नसेल तर कुटुंब तासाभरात परत जातं, मैदान कितीही चांगलं असो.

चिमटीभर

समितीपुढे मांडायला काही आधार आहे का? 'एवढ्या थोड्या मुलांसाठी कशाला' हा प्रश्न येतोच. आणि पाण्याचा खेळ ठेवावा का?

समपातळी

आधार: संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारातलं कलम ३०. त्यात खेळात इतर मुलांबरोबर समान सहभाग स्पष्ट लिहिला आहे. 'इतर मुलांबरोबर' हे दोन शब्द समितीला अधोरेखित करून द्या, वेगळा कोपरा देऊन सुटका होत नाही ती त्यांच्यामुळेच.

पाणी जरूर ठेवा, पण विजेवरच्या खुर्चीचं काय ते आधी ठरवा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत २०१० साली 'मॉर्गन्स वंडरलँड' हे अपंगांसकट सगळ्यांसाठीचं खेळउद्यान उघडलं, आणि २०१७ साली त्यांनी शेजारी पाण्याचं उद्यान केलं तेव्हा दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी चालतील अशा खुर्च्या ठेवल्या. एवढं जमणार नसेल तर उंच पाण्याचं टेबल करा. खाली गुडघ्यांसाठी ६१० मि.मी. उंच, ७६० रुंद, ४३० खोल मोकळी जागा, वरची कड जमिनीपासून ७८० च्या आत. सुतार हौसेने समोर फळी ठोकतात, ती काढायला लावा. पाय ठेवायची पट्टी फळीला अडते आणि मूल टेबलापासून हातभर लांब राहतं. वाळूचं टेबलही असंच, फक्त वारा त्यावरून ओतीव रबराकडे वाहील अशा जागी नको. बारीक वाळू रबराच्या छिद्रांत बसली की पाणी झिरपणं बंद.

रबरीवाट

ताबा घेण्याआधी चार तपासण्या, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी:

रिकामी व्हीलचेअर वाटेवर ठेवून सोडा. आपोआप बाजूला वळली तर आडवा उतार जास्त आहे. मग तीत मोठा माणूस बसवून फाटकापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत एका हाताने ढकलायला लावा.

बादलीभर पाणी झोक्याखाली, चक्रीच्या कडेला आणि रॅम्पच्या पायथ्याशी ओता. पाचेक मिनिटांनी डबकं उरलं तर तिथे निचरा नाही.

८ मि.मी. चा गज आणि ८९ मि.मी. चा ठोकळा खिशात ठेवा. गज कुठे जातो, ठोकळा कुठे जातो ते बघत फिरा.

रबराची आघात-चाचणी जागेवर करून घ्या, कारखान्याच्या तुकड्यावरची नको. उन्हाने रबर कडक होत जातं, त्यामुळे ही चाचणी पुढेही ठरावीक काळाने करायची असं करारातच लिहा.

फिरकी

पाचवी: उंच पाठीच्या झोक्याचा दांडा ओल्या हाताने, एकाच हाताने, उघडून बघा. दुसऱ्या हातात मूल असतं.